रेसकार्ड कसे वाचावे: महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींसाठी सविस्तर मार्गदर्शन

रेसकोर्सवर नवख्या माणसाच्या हाती रेसचे पुस्तक आले की त्याची नजर बहुधा दोनच गोष्टींवर जाते: घोड्याचे नाव आणि जॉकीचे नाव. उरलेली आकड्यांची आणि आद्याक्षरांची गर्दी त्याला न समजणारी वाटते, म्हणून तो ती ओलांडून पुढे जातो आणि शेजारच्याने दिलेल्या टिपवर पैसे लावतो. वस्तुतः शर्यतीबद्दल आधी कळण्यासारखे जे काही असते, ते बहुतेक सगळे त्या ओलांडलेल्या आकड्यांतच असते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतींवरील पैज हा निव्वळ नशिबाचा खेळ नसून प्राधान्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा दिला. ते कौशल्य मुख्यतः घोड्याची पूर्वीची कामगिरी, वंश, वजन, अंतर आणि जॉकी यांच्या अभ्यासात असते आणि त्या अभ्यासाचे साधन म्हणजे रेसकार्ड, म्हणजेच त्या पुस्तकात छापलेली शर्यतींची आणि घोड्यांची माहिती.

या लेखातले विवेचन रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या दोन रेसकोर्सांना, म्हणजे मुंबईतील महालक्ष्मी आणि पुण्यातील रेसकोर्स यांना धरून केले आहे. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि पुण्याचा पावसाळ्यात, जुलैपासून पुढे. घोडे, ट्रेनर आणि जॉकी बरेचसे तेच असतात, त्यामुळे एका ठिकाणचे कार्ड वाचता आले की दुसऱ्या ठिकाणचेही येते. फरक पडतो तो मुख्यतः जमिनीचा, आणि त्याचा विचार पुढे येईलच.

आधी शर्यत वाचावी, मग घोडे

प्रत्येक शर्यतीच्या यादीच्या वर दोन-तीन ओळींचा मथळा असतो. त्यात शर्यतीचे नाव, सुटण्याची वेळ, अंतर, वर्ग आणि अटी दिलेल्या असतात. हा मथळा न वाचता खालची यादी वाचणे व्यर्थ आहे, कारण तोच घोडा एका प्रकारच्या शर्यतीत सर्वांत बलवान आणि दुसऱ्या प्रकारच्या शर्यतीत सर्वांत दुबळा ठरू शकतो.

पहिला प्रश्न असा विचारावा की ही शर्यत हँडिकॅप आहे की टर्म्स. टर्म्स शर्यतीत वजने घोड्याचे वय, लिंग आणि पूर्वीचे विजय यांवरून ठरतात; घोडा किती चांगला आहे याचा त्यात थेट विचार नसतो. इंडियन डर्बी हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. फेब्रुवारीत महालक्ष्मीवर धावली जाणारी ही २४०० मीटरची शर्यत १९४३ साली सुरू झाली आणि ती केवळ चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. तिच्यात नर घोड्याच्या पाठीवर ५७ किलो आणि फिलीच्या, म्हणजे तरुण घोडीच्या पाठीवर ५५.५ किलो वजन असते. फिलीला मिळणारी ही दीड किलोची सवलत वगळली तर सगळे सारख्या वजनाने धावतात. अशा शर्यतीत जो घोडा मुळात श्रेष्ठ आहे तोच जिंकण्याचा संभव अधिक असतो आणि म्हणून फेव्हरिटला, म्हणजे ज्यावर सर्वांत जास्त पैसे लागलेले असतात त्या घोड्याला, डावलायचे तर कारण भक्कम असावे लागते.

रोजच्या कार्डावरच्या बहुसंख्य शर्यती मात्र हँडिकॅप असतात. हँडिकॅपर नावाचा क्लबचा अधिकारी प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून एक रेटिंग देतो आणि चांगल्या घोड्यावर जास्त, दुबळ्यावर कमी वजन ठेवून सर्वांना एका रेषेत आणण्याचा प्रयत्न करतो. वर्ग या रेटिंगवरूनच पडतात. ८० आणि त्यावरचे घोडे पहिल्या वर्गात, ६० ते ८६ दुसऱ्या, ४० ते ६६ तिसऱ्या, २० ते ४६ चौथ्या आणि त्याखालचे पाचव्या वर्गात धावतात. रेटिंगचा एक अंक म्हणजे पाठीवरचे अर्धा किलो वजन, हे सूत्र लक्षात ठेवले की वजनाचा स्तंभ आपोआप बोलू लागतो. चौथ्या वर्गाच्या शर्यतीत ४६ रेटिंगच्या घोड्यावर ६२ किलो असेल तर ३० रेटिंगच्या घोड्यावर ५४ किलो येणार. या वजनात जॉकी, खोगीर आणि गरज पडल्यास शिशाचे तुकडे धरलेले असतात. शर्यतीपूर्वी आणि शर्यतीनंतर जॉकीला काट्यावर उभे करतात ते याचसाठी.

वर्गांच्या सीमा एकमेकींवर चढलेल्या आहेत, याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. ४० ते ४६ रेटिंगचा घोडा चौथ्या वर्गातही बसतो आणि तिसऱ्यातही. चौथ्यात धावला तर प्रतिस्पर्धी सोपे पण पाठीवर ६० किलोच्या आसपास ओझे. तिसऱ्यात धावला तर प्रतिस्पर्धी कठीण पण वजन ५० किलोच्या जवळपास. ट्रेनर यांपैकी काय निवडतो, यावरून त्याला आपल्या घोड्याबद्दल काय वाटते याचा अंदाज येतो. अंगाने लहान, वजन न पेलणाऱ्या घोड्यांना वरचा वर्ग आणि हलके ओझे मानवते. धिप्पाड, ताकदवान घोड्यांना खालचा वर्ग आणि जड ओझे.

घोड्याच्या नावाभोवतीची माहिती

यादीतल्या प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, घोड्याचे नाव, वय, रंग, लिंग, आईबाप, मालक, ट्रेनर, जॉकी, वजन, रेटिंग आणि ड्रॉ असतो. रंगाला पैजेच्या दृष्टीने काही अर्थ नाही. तो घोडा ओळखण्यापुरता आहे. वयाला आणि लिंगाला मात्र अर्थ आहे. भारतातल्या शर्यतीच्या सर्व घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारी धरला जातो, मग जन्म जानेवारीतला असो वा एप्रिलमधला. तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत वर्षाच्या सुरुवातीला या दोन-तीन महिन्यांच्या फरकाने शरीराच्या वाढीत बराच फरक पडतो. पुढे तो पुसला जातो. नर घोडा खच्ची केलेला असेल तर त्याला गेल्डिंग म्हणतात. नुकताच गेल्ड केलेला घोडा आधीपेक्षा शांतपणे आणि सातत्याने धावू लागल्याची उदाहरणे भरपूर आहेत, म्हणून ‘गेल्डिंग’ हा बदल पहिल्यांदाच दिसत असेल तर त्याच्या जुन्या फॉर्मवरून, म्हणजे पूर्वीच्या कामगिरीवरून, निष्कर्ष काढताना सावध राहावे.

वंशाचा उपयोग नवख्यांना वाटतो त्यापेक्षा मर्यादित आहे. जो घोडा दहा वेळा धावला आहे त्याचे अंतर आणि कुवत त्याच्या स्वतःच्या शर्यतींतूनच कळते. तिथे बापाचे नाव पाहण्याची गरज उरत नाही. ज्याने अजून शर्यत पाहिलेली नाही, किंवा जो १२०० मीटरवरून प्रथमच २००० मीटरवर जात आहे, त्याच्या बाबतीत मात्र त्याच बापाची आणि आईची इतर पिल्ले लांब अंतर पेलतात का, हे पाहणे हाच एक आधार असतो.

फॉर्म: सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

नावाजवळ छापलेली आकड्यांची छोटी रांग म्हणजे अलीकडच्या शर्यतींतले क्रमांक. सर्वसाधारण पद्धतीत उजवीकडचा आकडा सर्वांत ताजा असतो आणि शून्याचा अर्थ घोडा पहिल्या नऊंत आला नाही. खुणा आणि आद्याक्षरे यांचा खुलासा पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर असतो. तो एकदा शांतपणे वाचून घ्यावा. ही रांग म्हणजे केवळ प्रवेशद्वार आहे. ‘१-२-१’ पाहून खूश होणे आणि ‘६-०-५’ पाहून घोडा खोडणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण क्रमांक कोणत्या वर्गात, कोणत्या अंतरावर, किती वजनाने आणि किती मागे राहून मिळाला हे त्या रांगेत नसते. ते खालच्या सविस्तर ओळींत असते.

प्रत्येक सविस्तर ओळीत तारीख, अंतर, वर्ग, उचललेले वजन, जॉकी, धावलेल्या घोड्यांची संख्या, क्रमांक, विजेत्यापासूनचे अंतर आणि वेळ यांची नोंद असते. अंतर लेंग्थमध्ये मोजतात. एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या एका शरीराची लांबी, सुमारे अडीच मीटर. त्याहून कमी अंतरासाठी मान, डोके, शॉर्ट हेड असे शब्द येतात. वजन आणि लेंग्थ यांचा संबंध जोडणारा एक ढोबळ अंदाज अभ्यासक वापरतात: १००० ते १२०० मीटरवर एक लेंग्थ म्हणजे साधारण दीड किलो, १६०० मीटरवर साधारण एक किलो आणि २००० मीटरच्या पुढे त्याहूनही कमी. अंतर जसे वाढते तसे एकेक किलो जास्त जाणवते, इतका त्याचा अर्थ.

हे सगळे एकत्र कसे वापरायचे ते एका कल्पित शर्यतीवरून पाहू. समजा, १२०० मीटरची चौथ्या वर्गाची हँडिकॅप आहे. पहिल्या घोड्याचे रेटिंग ४४ आणि वजन ६१ किलो. दुसऱ्याचे रेटिंग ३० आणि वजन ५४ किलो. पहिल्याचा ताजा क्रमांक सहावा आणि दुसऱ्याचा दुसरा. क्रमांक पाहणारा माणूस डोळे मिटून दुसरा घोडा घेईल.

आता सविस्तर ओळी वाचू. पहिला घोडा गेल्या वेळी तिसऱ्या वर्गात १२०० मीटर धावला होता, तेव्हा त्याचे रेटिंग ४६ होते आणि पाठीवर ५२ किलो. जिंकणाऱ्या घोड्याचे रेटिंग ५८ होते आणि विजयानंतर हँडिकॅपरने ते ६४ केले. म्हणजे विजेता त्या दिवशी आपल्या रेटिंगपेक्षा सहा अंक वरचे धावला, असे हँडिकॅपरचे मत पडले. आपला घोडा त्याच्या मागे चार लेंग्थ होता. चार लेंग्थ गुणिले दीड किलो म्हणजे सहा किलो, म्हणजेच बारा अंक. ४६ मध्ये सहा मिळवून बारा वजा केले तर उरतात ४०. त्या दिवशी तो ४० च्या दर्जाचा धावला आणि आज त्याला ४४ च्या हिशेबाने वजन दिले आहे. कागदावर तो चार अंकांनी, म्हणजे दोन किलोंनी मागे आहे. पण त्याच शर्यतीच्या स्टुअर्ड्सच्या, म्हणजे शर्यतीवर देखरेख ठेवणाऱ्या पंचांच्या, अहवालात, तो गेटमधून सुटताना अडखळला आणि तीन लेंग्थ गमावल्या, अशी नोंद आहे असे धरू. ते सगळे अंतर परत जमेस धरणे चूक ठरेल, कारण उशिरा सुटलेल्या घोड्याला पुढच्यांच्या आडोशाने पळण्याचा थोडा लाभही होतो. निम्मे धरले तरी चार ते पाच अंक परत येतात आणि तो आपल्या आजच्या रेटिंगला बरोबर उतरतो.

दुसरा घोडा गेल्या वेळी चौथ्या वर्गात १४०० मीटरवर अर्ध्या लेंग्थने दुसरा आला. तेव्हा त्याचे रेटिंग २८ होते आणि वजन ५३. विजेता ३२ चा होता, त्याला नंतर ३८ केले. अर्ध्या लेंग्थसाठी एक अंक कापला तर आपला घोडा ३३ च्या दर्जाचा धावला. आज तो ३० वर धावतो आहे, म्हणजे तीन अंक, दीड किलो, साधारण एक लेंग्थ त्याच्या पदरात आहे. मात्र तो १४०० वरून १२०० वर उतरतो आहे. गेल्या वेळी तो शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मागून येत दुसरा आला असेल, तर कमी अंतरावर त्याला पोहोचायला वेळ पुरणार नाही. तो पुढे राहून शेवटी मंदावला असेल, तर कमी अंतर त्याला सोयीचेच आहे. निर्णय या एका प्रश्नावर येऊन ठेपतो आणि त्याचे उत्तर शर्यतीच्या चित्रफितीत मिळते. ‘सहावा’ आणि ‘दुसरा’ यांत दिसणारी दरी गणिताअंती जवळजवळ नाहीशी झाली, हे येथे पाहण्यासारखे आहे.

स्टुअर्ड्सचा अहवाल हा कार्डाइतकाच महत्त्वाचा कागद आहे, तरीही फार थोडे लोक तो वाचतात. कोणता घोडा उशिरा सुटला, कोण वळणावर बाहेर फेकला गेला, कुणाला धक्का बसला, कुणाच्या नाकातून रक्त आले, कोणत्या जॉकीला जाब विचारला, हे सर्व त्यात नोंदलेले असते. नाकातून रक्त येण्याचा इतिहास असलेल्या घोड्यावर मी स्वतः पैसे लावणे टाळावे असेच सांगेन, कारण तो कितीही चांगला असला तरी त्याचा त्रास कधी उलटेल हे कार्डावरून कळत नाही.

वेळेच्या स्तंभाबद्दल एक सावधगिरी. दोन वेगळ्या दिवशीच्या वेळा थेट ताडून पाहू नयेत. पावसाने भिजलेल्या ट्रॅकवरचा चांगला घोडा कोरड्या ट्रॅकवरच्या सामान्य घोड्यापेक्षा दोन-तीन सेकंद मागे दिसू शकतो. वेळ ताडायचीच तर त्याच दिवशीच्या, त्याच अंतराच्या दुसऱ्या शर्यतीशी ताडावी.

जमीन, खोट्या कठड्या आणि ड्रॉ

ट्रॅक किती मऊ आहे हे पेनिट्रोमीटर नावाच्या उपकरणाने मोजतात. एक टोकदार सळई ठरावीक जोराने जमिनीत शिरवून ती किती खोल गेली हे पाहतात. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. मुंबईच्या हिवाळी हंगामात हा आकडा फारसा हलत नाही, पण पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याभरात जमीन पार बदलते. म्हणून पुण्याच्या कार्डावर घोड्याचे जुने क्रमांक वाचताना शेजारी त्या दिवसाची जमीन कशी होती हेही वाचावे. काही घोडे चिखलात आपला सगळा दर्जा गमावतात, तर काहींची खरी ताकद तिथेच दिसते. मऊ जमिनीवर वजनही अधिक जाणवते, त्यामुळे यादीच्या वरच्या टोकाच्या, ६० किलोच्या पुढच्या घोड्यांकडे पावसाच्या दिवशी थोडे अधिक कठोरपणे पाहावे.

ट्रॅकचा आतला पट्टा झिजू नये म्हणून काही दिवस कडेपासून काही मीटर बाहेर तात्पुरत्या कठड्या लावतात. त्यांना फॉल्स रेल म्हणतात. त्या कोणत्या मीटरपासून कोणत्या मीटरपर्यंत आणि किती रुंदीवर आहेत हे जाहीर केलेले असते. आतला पट्टा झाकला गेल्यावर त्या दिवशी धावण्याची जमीन ताजी असते आणि वळणांची गोलाई बदलते, म्हणून आधीच्या आठवड्यात ‘आतून धावणारेच जिंकतात’ असे दिसले असेल तर ते अनुमान फॉल्स रेल लागल्यावर पुन्हा तपासावे लागते.

ड्रॉ म्हणजे सुटण्याच्या गेटमधली जागा. लांब अंतरावर तिचा प्रभाव कमी, कारण जागा घ्यायला जॉकीला वेळ मिळतो. १००० आणि १२०० मीटरवर, विशेषतः दहा-बारा घोडे असतील तेव्हा, ड्रॉ निर्णायक ठरतो. बाहेरच्या गेटमधला घोडा सुरुवातीलाच वेगवान नसेल तर वळणावर त्याला जास्तीचे अंतर कापावे लागते. म्हणून ड्रॉ एकटा वाचू नये. तो घोड्याच्या धावण्याच्या पद्धतीसोबत वाचावा. यादीत पुढे धावणारे घोडे किती, हे एकदा मोजून घ्यावे. एकच असेल तर तो शांतपणे पुढे राहून शर्यत संपवू शकतो. चार असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचे फावते.

जॉकी, ट्रेनर आणि सरावाच्या वेळा

चांगला जॉकी घोड्याला चांगला करत नाही, तो त्याचे नुकसान होऊ देत नाही, एवढेच धरून चालावे. बदल कोणत्या दिशेने झाला आहे हे जास्त सांगणारे असते. गेल्या तीन शर्यती शिकाऊ जॉकीने धावलेल्या घोड्यावर आज अचानक अव्वल जॉकी दिसला, तर ट्रेनरला आज काही अपेक्षा आहे असे समजावे. उलट, एकाच ट्रेनरचे दोन घोडे एकाच शर्यतीत असतील, तर त्याच्या नेहमीच्या जॉकीने कोणता निवडला हे पाहावे. अर्थात ती निवड कधी मालकाच्या आग्रहानेही होते, म्हणून तिला अंतिम पुरावा मानू नये. शिकाऊ जॉकींना वजनात सवलत मिळते आणि त्यांचे विजय वाढत जातात तशी ती कमी होत जाते. काही शर्यतींच्या अटींत ही सवलत लागू नसते, तेव्हा त्या शर्यतीत शिकाऊ जॉकी घेण्यामागचा एक मोठा फायदा नाहीसा होतो. जॉकीचे स्वतःचे वजन जास्त भरल्यास ओव्हरवेट जाहीर करतात. ४९ किलोच्या घोड्यावर ५० किलो म्हणजे दोन अंकांची सवलत हातची गेली.

सकाळच्या सरावाच्या नोंदी वर्तमानपत्रांत आणि रेसच्या पुस्तकांत येतात. ‘१०००/१-५, ६००/३८’ अशी नोंद म्हणजे घोड्याने शेवटचे १००० मीटर एक मिनिट पाच सेकंदांत आणि त्यातले शेवटचे ६०० मीटर अडतीस सेकंदांत कापले. पुढे शेरा असतो: सहज धावला, ढकलावे लागले, सोबतच्या घोड्याला मागे टाकले, इत्यादी. आकड्यापेक्षा शेऱ्याला वजन द्यावे. ढकलून काढलेल्या छत्तीस सेकंदांपेक्षा सहज आलेले अडतीस सेकंद आश्वासक असतात. पाठीवर जॉकी होता की रायडिंग बॉय, म्हणजे फक्त सरावासाठी घोड्यावर बसणारा, आणि सराव वाळूच्या ट्रॅकवर झाला की गवतावर, हेही तिथेच लिहिलेले असते. बऱ्याच महिन्यांच्या विश्रांतीनंतर परतणाऱ्या घोड्याच्या बाबतीत सरावाखेरीज हाती दुसरे काही नसते, म्हणून त्याच्या नोंदी मागच्या तीन-चार आठवड्यांपासून पाहाव्यात.

डोळ्यांच्या झापडा म्हणजे ब्लिंकर्स, जीभ बांधण्याचा पट्टा, नाकावरची लोकरी पट्टी या साधनांची खूण कार्डावर असते. त्यांपैकी एखादे पहिल्यांदा लावले किंवा काढले असेल, तरच ती खूण महत्त्वाची. पहिल्यांदा ब्लिंकर्स लावलेला घोडा कधीकधी कमालीचा सुधारतो, कारण आजूबाजूला पाहून बिचकण्याची त्याची सवय सुटते.

कार्ड बाजूला ठेवून घोडा पाहणे

शर्यतीपूर्वी घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे लोकांना पाहता येतील अशा कठड्याच्या आवारात, फिरवतात, तेव्हा कठड्याजवळ उभे राहावे. फेव्हरिट आणि आपण निवडलेला घोडा, या दोघांकडे लक्ष पुरे. कातडी चमकदार, चाल लांब आणि सैल, मान थोडी खाली, कान पुढे, अशी लक्षणे चांगली. मांड्यांच्या मध्ये घामाचा पांढरा फेस, सारखी शेपटी झटकणे, सांभाळणाऱ्याला ओढत नेणे ही लक्षणे घोड्याने आपली शक्ती शर्यतीआधीच खर्च केल्याची. मात्र हंगामाच्या शेवटच्या, एप्रिलच्या उकाड्यात थोडा घाम सगळ्यांनाच येतो, त्याचे भय धरू नये. याच वेळी माघार घेतलेल्या घोड्यांची नावे आणि जॉकी बदल जाहीर होतात. ते कार्डावर पेनाने लगेच दुरुस्त करावेत. पुढे धावणारा घोडा माघार घेतो तेव्हा शर्यतीचा वेगच बदलतो आणि आधीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

भाव आणि कर

घोडा निवडला म्हणजे पैज लावायचीच असे नाही. टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैज-खिडकीच्या, फलकावर विनचा (घोडा पहिला येण्यावरच्या पैजेचा) भाव दहा रुपयांवर पंचवीस दिसत असेल, तर तो घोडा शंभरातून किमान चाळीस वेळा जिंकेल अशी आपली खात्री असायला हवी. कर धरला की हे गणित आणखी कठीण होते. घोड्यांच्या शर्यतींवरील वस्तू व सेवा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. शंभर रुपयांच्या तिकिटावर हा कर वरून धरला, तर खिशातून एकशे चाळीस जातात आणि वरच्या भावाने परत येतात अडीचशे. म्हणजे चाळीसऐवजी छप्पन वेळा जिंकण्याची खात्री हवी. याखेरीज दहा हजारांवरच्या जिंकलेल्या रकमेतून तीस टक्के आयकर कापला जातो आणि हरलेल्या पैशांची त्यातून वजावट मिळत नाही. इतक्या बोजाखाली, फेव्हरिटवर कमी भावाने लावलेली पैज क्वचितच हिताची ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्ड नीट वाचूनही दिवसातल्या निम्म्याहून अधिक शर्यती सोडून द्याव्या लागणे हे स्वाभाविकच आहे.

पैजेच्या प्रकारांपैकी विन आणि प्लेस (घोडा पहिल्या काही क्रमांकांत येण्यावरची पैज) यांवरच सुरुवातीला राहावे. प्लेसमध्ये किती क्रमांकांना पैसे मिळतात हे धावणाऱ्या घोड्यांच्या संख्येवर अवलंबून असते, म्हणून माघारीनंतरची संख्या पुन्हा पाहावी. फोरकास्ट (पहिले दोन घोडे क्रमाने सांगणे), टनाला (पहिले तीन क्रमाने सांगणे), जॅकपॉट (पाच शर्यतींचे विजेते सांगणे) यांत रक्कम मोठी दिसते, पण एका शर्यतीचे कार्ड वाचायला जो वेळ लागतो तो लक्षात घेता पाच शर्यतींचे विजेते एकत्र सांगणे हे सरावलेल्या अभ्यासकालाही जड जाते. टोट आणि परवानाधारक बुकी यांच्या बाहेर, फोनवरून किंवा गल्लीतल्या माणसाकडे पैज लावणे बेकायदा आहे आणि तिथे जिंकलेले पैसे मिळतील याची हमीही नसते. रेसला जाताना दिवसाची रक्कम घरूनच ठरवून न्यावी आणि ती घरखर्चातली किंवा उसनी कधीही नसावी.

शर्यत संपल्यावर कार्ड फेकू नये. आपला घोडा कुठे सुटला, वळणावर कितवा होता, शेवटी अंतर कमी करत होता की गमावत होता, एवढे त्याच्या नावापुढे दोन ओळींत लिहावे. काही दिवसांनी हँडिकॅपरचे नवे रेटिंग प्रसिद्ध झाले की ते शेजारी नोंदवावे आणि आपल्या अंदाजाशी ताडून पाहावे. आपल्या मते जो घोडा पाच अंकांनी चांगला धावला, त्याला हँडिकॅपरने एकच अंक वाढवला असेल, तर पुढच्या वेळी त्याचे नाव यादीत दिसताच मथळ्यापासून पुन्हा वाचायला बसावे.